एक चाळीसची तपासणी

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत. इंटरनेट पुरवणाऱ्या त्या कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर, तक्रार तपासणीच्या खोलीत, वयाने तिच्याहून मोठे असलेले दोन गृहस्थही तिला ताईच म्हणत. साहेब तर फोनवरच्या परक्या माणसालाही "थांबा, आमच्या ताईंना विचारतो," असं सांगत. त्या हाकेवर जिचा खरा हक्क होता, तिने मात्र सोळा वर्षांत ती मारली नव्हती.

ताईचं काम बसल्या जागी लोकांच्या घरातलं दुखणं ओळखण्याचं. "नेट रडतंय," "नेट मेलं," "तुम्ही सांगता तेवढा वेग आमच्या सात पिढ्यांनी पाहिला नाही," अशा तक्रारी आल्या की ती ग्राहकाचा क्रमांक टाकायची आणि लाइन कुठे अडखळते ते बघायची. एका आजोबांनी धूळ बसू नये म्हणून राउटर लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. एका बाईंनी त्याच्यावर ओले मोजे वाळत घातले होते, गरम असतं म्हणून. ताई खुर्चीवरून न उठता हे शोधून काढायची आणि समोरच्याला लाज न वाटेल अशा बेताने सांगायची.

लोक घाबरून विचारत, आम्ही काय बघतो ते तुम्हाला दिसतं का हो? ती शपथेवर सांगायची, अजिबात नाही. ते खरंही होतं. कोण काय वाचतं, कोणाशी काय बोलतं, यातलं काहीच तिच्या पडद्यावर येत नसे. पण घर किती वाजता जागं होतं, किती वाजता निजतं, घरात किती फोन आहेत आणि लोकांनी त्यांना काय नावं ठेवली आहेत, एवढं दिसायचं. ते कोणी विचारत नसे, म्हणून ती सांगत नसे.

एक दिवस वेग कमी असल्याची एक साधी तक्रार तिच्याकडे आली. शहराच्या दुसऱ्या टोकाचं घर, आडनाव अनोळखी. तिने लाइन उघडली आणि वायफायच्या नावावर तिची नजर खिळली. इंग्रजी अक्षरांत, सगळं एकत्र जोडून लिहिलं होतं: ठकीचंघर.

ठकी हे जगात एकाच माणसाचं नाव होतं, आणि ते ताईनेच ठेवलं होतं. आई गेली तेव्हा ताई अकरा वर्षांची होती आणि धाकटी चार. कोणी येऊन काही सांगितलं की ही पोर लाकडी बाहुलीसारखी टक लावून बघत बसायची, म्हणून ठकी. तिची वेणी घालणं, तिच्या वह्यांना कव्हरं घालणं, ती पडली की गुडघ्यावर फुंकर मारणं, सगळं ताईच्या वाट्याला आलं. ताईने ते ओझं मानलं नाही. उलट ठकी आपलीच आहे, असं तिच्या मनात पक्कं बसलं, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

ठकी बावीस वर्षांची असताना घरात एकच कंप्युटर होता, जेवणाच्या टेबलापाशी. त्यावरचं इंटरनेट फोनच्या तारेवरून चालायचं, जोडताना किंचाळायचं, आणि ते चालू असलं की घरचा फोन बंद. एका दुपारी ठकी आपली ईमेलची पत्रपेटी उघडीच ठेवून बाहेर गेली. ताई नोकरीचा अर्ज लिहायला बसली होती. एक पत्र वाचलं, मग दुसरं, मग सगळीच. ठकीला एक मुलगा आवडत होता. दुसऱ्या शहरात जाऊन दोघं शिकणार होती आणि घरी नंतर सांगणार होती. ताईने ठकीला काही विचारलं नाही. संध्याकाळी बाबांना सांगितलं. बाबांनी त्या मुलाच्या घरी फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले.

आठवड्याच्या आत ठकी एका बॅगेनिशी निघाली. आरडाओरडा नाही, रडणं नाही. दारात थांबून ती म्हणाली, "ताई, तू माझी पत्रं वाचलीस." एवढंच. त्यानंतर ना फोन, ना पत्ता. बाबांनी तिचं नाव टाकलं, आणि त्यांच्यासमोर ते घ्यायची सोय राहिली नाही. पाच वर्षांपूर्वी बाबा गेले. ते कळवायलाही ताईकडे पत्ता नव्हता.

आणि आता पत्ता समोर होता. जन्मतारीख जुळत होती. फोन नंबर होता. ताईने ती तक्रार पाच मिनिटांत सोडवली. शेजारच्या घराचा राउटर त्याच वाटेवर कडमडत होता, तिने ठकीची वाट बदलून दिली. वेग दुप्पट झाला. मग हात मांडीवर ठेवून ती नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने लाइन पुन्हा उघडली, वेग टिकला आहे ना ते बघायला. तिसऱ्या दिवशी तसं काही निमित्तही उरलं नव्हतं.

नुसती लाइन उघडली तर फक्त वेगाचा आकडा दिसे. घरातल्या उपकरणांची यादी हवी असेल तर पूर्ण तपासणी चालवावी लागे, आणि ती चालू असताना त्या घरचं इंटरनेट वीसेक सेकंद तुटे. ताईला हे माहीत होतं. वीस सेकंदांनी कोणाचं काय बिघडतं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. दीडला खोलीतली मंडळी जेवायला जात. एक चाळीसला खोलीत चिटपाखरू नसे. त्या वेळी ताई आपला डबा न उघडता ठकीचं घर उघडे.

आपण मावशी आहोत हे तिला त्या यादीतून कळलं. यादीत "मनी-टॅब" नावाचं काहीतरी होतं. शाळेच्या दिवसांत ते दुपारी बंद असे आणि सुट्टीच्या दिवशी चालू. मनी म्हणजे मुलगीच असणार, आणि तीही लाडाची. मांजरीचं नाव कोणी उगीच ठेवत नाही. किती वर्षांची असेल? ठकीसारखी टक लावून बघत असेल का? तिची वेणी कोण घालतं, की केस बारीक कापलेत? ताईला एकदम हसू आलं आणि मग नाक पुसावं लागलं. जेवून परतलेल्या सहकाऱ्याला तिने सर्दी झाल्याचं सांगितलं.

हळूहळू तिने त्या घराचा दिवस जुळवला. सकाळी सहा दहाला पहिला फोन जागा होतो, तो ठकीचा. ती लहानपणापासून कोंबड्याच्या आधी उठणारी. नवऱ्याचा फोन आठला बाहेर पडतो, साडेसहाला परत येतो. एक कंप्युटर सकाळपासून दुपारी चारपर्यंत अखंड चालू असतो, म्हणजे ठकी घरूनच काहीतरी काम करते. काय करत असेल? मनीचा टॅब एकदा सलग नऊ दिवस लागला नाही, तेव्हा ताईचा जीव टांगणीला लागला. पोर आजारी असेल, की नुसतीच शिक्षा झाली असेल? दहाव्या दिवशी टॅब लागला तेव्हा तिने आनंदाने खोलीभर बिस्किटं वाटली. कशाबद्दल म्हणून सगळ्यांनी विचारलं. काही नाही, अशीच, असं ती म्हणाली.

नंबर समोर असताना तिने फोन का केला नाही? रिसीव्हर तिने कितीदा तरी उचलला होता. हा नंबर कंपनीचा आहे, आपला नाही, नियमात बसत नाही, असं ती स्वतःला बजावत असे. खरं कारण वेगळं होतं आणि तेही तिला ठाऊक होतं. फोन केला असता तर ठकीला नाही म्हणता आलं असतं. नुसत्या बघण्याला कोणी नाही म्हणू शकत नाही.

असं वर्ष उलटलं, वर दोन महिने.

मग एका सकाळी साहेबांनी तिला आत बोलावलं आणि एक पत्र पुढे केलं. एका ग्राहक बाईंनी तीनदा तक्रार केली होती. तिन्ही वेळा दुसऱ्या कोणीतरी लाइन बघून "दोष आढळला नाही" असं उत्तर दिलं होतं. आता बाईंनी कायद्यावर बोट ठेवलं होतं. माझ्या कनेक्शनची जी जी माहिती तुमच्याकडे आहे ती, आणि ती कोणी, कधी, कशासाठी उघडली याची यादी द्या, तो माझा हक्क आहे. सोबत वहीच्या पानांच्या प्रती होत्या. तारखा आणि वेळा. एक चाळीस, एक बेचाळीस, एक चाळीस, एक एकेचाळीस.

अक्षर ताईने ओळखलं. जोडाक्षर लिहिताना दोन अक्षरांत उगाच जागा सोडायची ती सवय तिने कितीदा ओरडून मोडायला पाहिली होती.

पत्रात पुढे लिहिलं होतं, "मी अडखळत बोलणाऱ्या मुलांना व्हिडिओवरून बोलायला शिकवते. दीड ते दोन या वेळेत माझ्याकडे एक सात वर्षांची मुलगी असते. एक वाक्य सुरू करायला तिला कधीकधी पूर्ण मिनिट लागतं. ते सुरू झालं की लाइन तुटते. परत जोडली जाते तेव्हा ती गप्प झालेली असते. तिला वाटतं की ती बोलली म्हणून तुटलं."

साहेब सांगत होते की नोंदींच्या कामात तुमच्यासारखं चोख कोणी नाही, म्हणून यादी तुम्हीच तयार करा. बहुतेक यंत्राची आपोआप होणारी तपासणी असेल. तसं असलं तर "नियमित तपासणी" असं लिहून विषय मिटवून टाका, आपल्यालाही डोक्याला ताप नको. ताईने मान डोलावली. तिच्या कानात काहीही शिरत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे एक सात वर्षांची पोर उभी होती, तोंड उघडून, शब्द ओठांवर आणून, आणि समोर काळा पडदा.

तिने जागेवर जाऊन नोंदी काढल्या. दोनशे सत्त्याऐंशी ओळी, आणि प्रत्येक ओळीसमोर तिचाच कर्मचारी क्रमांक. कारणाचा रकाना सगळीकडे रिकामा. ग्राहकाला नाव द्यायलाच हवं असा नियम नव्हता, "तपासणी विभाग" एवढं लिहिलं तरी चाललं असतं. साहेबांनी तर पळवाट आयती हातात ठेवली होती. ताईने क्रमांकाच्या जागी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट, कारण दुसरं आडनाव तिला कधी लागलंच नव्हतं. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते तिला सुचेना. शेवटी पहिल्या ओळीत "वेगाची तक्रार" लिहिलं आणि उरलेल्या दोनशे शहाऐंशी ओळींत "काही कारण नव्हतं." ते खोटं होतं, पण खरं कारण रकान्यात मावणारं नव्हतं.

ते कागद घेऊन ती साहेबांकडे गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. साहेब भला माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"बहीण आहे हे मी समजू शकतो, ताई," ते म्हणाले. "पण घर तिचं आहे ना."

चौकशी झाली. नोकरी राहिली, पण तपासणीची खोली गेली. तिचा पासवर्ड काढून घेतला आणि तिला तळमजल्यावर बसवलं, जुनी यंत्रं परत घ्यायच्या खिडकीवर. कनेक्शन बंद केलेले लोक तिथे येऊन राउटर आणि वायरींचं भेंडोळं देत आणि पावती घेत. यादी ठकीला रीतसर टपालाने गेली. कंपनीचं माफीपत्र सोबत होतं. ताईने आपली वेगळी चिठ्ठी त्यात घालायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही, आणि तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पहिले काही दिवस एक चाळीस वाजले की तिचा हात आपोआप उठे आणि टेबलावर नुसताच पडून राही. आता तिला काहीच दिसत नव्हतं. मनीचा टॅब लागला की नाही, ठकी सहाला उठली की आज आळसावली, कशाचा पत्ता नाही. सोळा वर्षं तिने न बघता काढली होती, पण चौदा महिने बघितल्यानंतरचं हे न बघणं जास्त जड जात होतं. डब्यातलं अन्न ती निमूट चावत बसे. त्या सात वर्षांच्या मुलीचं वाक्य आता पुरं होत असेल, एवढाच एक विचार तिला घास गिळू देई.

महिना गेला, दुसरा लागला. उत्तर आलं नाही. येईल असं तिने धरलंही नव्हतं, निदान तसं ती स्वतःला सांगायची.

एका बुधवारी दुपारी खिडकीशी रांग होती. ताईने मान खाली घालूनच एक राउटर आत ओढला, मागे चिकटवलेला ग्राहक क्रमांक वाचला आणि तिची बोटं थांबली. चौदा महिने रोज टाकलेला क्रमांक होता तो.

तिने वर पाहिलं. काचेपलीकडे ठकी उभी होती. कानांजवळचे केस पिकलेले, चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. डोळे मात्र तेच, टक लावून बघणारे.

यंत्र कुरियरने पाठवता येतं, घरी माणूस येऊनही नेतो. तरी ती स्वतः आली होती. खिडकीवरच्या माणसाने विचारायचं असतं तेच ताईच्या तोंडून निघालं, "कनेक्शन बंद करायचं कारण?"

"तुला माहीत आहे," ठकी म्हणाली.

ताईने कारण लिहिलं नाही. ती म्हणाली, "चुकलं माझं. तेव्हाही आणि आताही."

मागच्या माणसाने घड्याळ पाहिलं. मग ठकीने हळूच विचारलं, "बाबा?"

"सहा वर्षं झाली. झोपेतच गेले." ताई थांबली. "तुझा पत्ता नव्हता."

"सहा वर्षांपूर्वी नव्हता," ठकी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण काचेच्या कडेवर ठेवलेली बोटं पांढरी पडली. "पण वर्षभर होता ना? रोज माझ्या घरात डोकावत होतीस. मी कधी उठते, माझी मुलगी टॅब कधी लावते, सगळं बघितलंस. आणि बाबा गेले हे सांगायला एक फोन झाला नाही तुझ्याच्याने?"

"तू फोन ठेवशील अशी भीती वाटली," ती म्हणाली.

"ठेवलाच असता," ठकी म्हणाली. तिने चष्मा काढला, मनगटाने डोळे पुसले. "पहिल्या वेळी ठेवला असता. दुसऱ्या वेळीही बहुतेक. तू तिसऱ्यांदा करायचा होतास."

रांगेतला माणूस खाकरला. ताईने सवयीने पावती केली, शिक्का मारला, खिडकीखालून सरकवली. हातात द्यायला तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं. ठकीने पावती घडी करून पिशवीत टाकली आणि जायला वळली. ताई काचेला हात लावून उभी राहिली. हाक मारायचा अधिकार आपल्याला उरला आहे की नाही, तेच तिला कळेना.

चार पावलांवर ठकी थांबली आणि परत आली. रांगेतल्या माणसाला तिने "एकच मिनिट हं," असं म्हटलं. तो बिचारा मागे सरला.

"रविवारी दुपारी मी घरी असते," ती म्हणाली. "मनीला मी सांगितलंय की तुला एक मावशी आहे. जास्त काही सांगितलेलं नाही. काय विचारायचं असेल ते येऊन विचार, माझ्या तोंडावर. पत्ता तुला पाठच असेल."

पाठ होता. घर क्रमांक, मजला, गल्ली, पिनकोड, राउटर कुठल्या भिंतीवर लावलेला होता तेसुद्धा. ताईने पावतीपुस्तकातला एक कोरा कागद काढला आणि पेन उघडलं.

"नाही," ती म्हणाली. "तू सांग."

ठकी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग तिने सावकाश, लहान मुलाला शुद्धलेखन घालावं तसा, आपला पत्ता सांगायला सुरुवात केली. ताईने तो एकेक शब्द करून लिहून घेतला.